चदुरंगीचं घर

बंगळुरात हेब्बाळच्या पुढे, विमानतळाच्या रस्त्यापासून थोडी आत एक शाळा आहे. तिथे महानंदा शिवणकाम आणि हस्तकला शिकवायची. मुलं तिला क्राफ्ट मिस म्हणत. शाळेतल्या अर्ध्या पोरांना सुईत दोरा ओवायला तिनं शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना ते कधीच जमलं नव्हतं, पण त्यांच्यावरही तिचा राग नसे. निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. मुलगा सुरज महादेवपुऱ्याला नोकरीला, त्याचं बिऱ्हाडही तिकडेच. घरी ती आणि नवरा. शनिवारी दुपारी पडावं, संध्याकाळी भाजी आणायला जावं, याहून जास्त तिला काही नको होतं.

त्या जूनमध्ये जीवशास्त्राच्या बाई दुसऱ्या शाळेत गेल्या आणि त्यांचं निसर्ग मंडळ पोरकं झालं. मुख्याध्यापिकांनी महानंदाला बोलावून घेतलं.

“मला झाडातलं काही कळत नाही हो,” ती म्हणाली. “तुळस, कढीलिंब आणि मोगरा. त्यापुढं माझी गाडी नाही.”

“मुलांना सगळं कळतं. तुम्ही फक्त सोबत राहा. कुणी पडलं, कुणाला लागलं, तर मोठं माणूस पाहिजे ना?”

शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे तळ्यापर्यंत उतरत गेलेली एक पडीक जमीन होती. पूर्वी गावाची सामाईक, आता सरकारी, म्हणजे कुणाचंच लक्ष नसलेली. तिथं माजलेलं रान काढायचं आणि या भागात मुळात असायचं ते गवत, ती झाडंझुडपं परत आणायची, असं नववीच्या मुलांनी ठरवलं होतं. परवानगीही मिळवून ठेवली होती. अडलं होतं ते एका मोठ्या माणसावाचून.

पहिल्या शनिवारी शिपायानं मागच्या भिंतीतलं लोखंडी दार उघडलं. ते इतकं गंजलं होतं, की शेवटी त्याला लाथच घालावी लागली. मुलं वाकून एकेक करून बाहेर पडली. सगळ्यात मागून महानंदा. तिचा पदर कशात तरी अडकला. तो सोडवायला तिनं काटेरी फांदी हातानं बाजूला केली, दोन पानं बोटांत चुरगळली आणि तो वास आला.

उग्र, हिरवा, थोडा रॉकेलचा आणि थोडा लिंबाच्या सालीचा. तो वास नाकात जाताच महानंदा तिथल्या तिथं उभी राहिली. पुढे पोरांचा गलका चालला होता, तो तिला ऐकूच येईना.

या उतारावरच ती लहानाची मोठी झाली होती. तिचे वडील उमाजी निपाणीकडचे. ते बंगळुरातल्याच शिवाजीनगरात शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात मशीनवर बसायचे. शिवाजीनगरात भाडं झेपेना, म्हणून त्यांनी बिऱ्हाड केलं ते इतक्या लांब, एका वठारात. मधे अंगण, भोवती ओळीनं कौलारू खोल्या, प्रत्येक खोलीत एक कुटुंब आणि प्रत्येक कुटुंबाची वेगळी भाषा. तेव्हा हे खेडंच होतं. वडील उजाडताना सायकल काढायचे. आई दाराशी बसून दुकानातून आलेल्या सदऱ्यांना काजं-बटणं करायची. महानंदाच्या आठवणीतली आई म्हणजे वाकलेली मान, दातात धरलेला दोरा आणि मांडीवर पांढरे सदरे. आणि महानंदा? ती शाळा सुटली की या उतारावर. शेजारची धनलक्ष्मी आणि ती.

उताराच्या मध्यावर एक सपाट खडक होता. त्याला टेकून एक झुडूप असं काही वाढलं होतं, की त्याच्या फांद्या कमानीसारख्या खाली येऊन आत चक्क एक खोली तयार झाली होती. रांगत आत शिरायचं. आत ऊन चाळून आल्यासारखं पडायचं. तिथं दगडांची चूल होती, करवंटीची भांडी होती. त्या झुडपाला बारीक फुलांचे गुच्छ यायचे, मधे पिवळे, कडेला गुलाबी. एकेक फूल नळीसारखं. एकाची नळी दुसऱ्यात खुपसत गेलं की सुई-दोऱ्याशिवाय माळ व्हायची. फुलाचं बूड चोखलं की जिभेच्या टोकावर मधाचा एक कण यायचा, आहे म्हणेपर्यंत संपायचा. वठारातले सगळे त्या झुडपाला कानडीतलं नाव घेत, चदुरंगी. महानंदाला वाटायचं, जगात याहून सुंदर नाव कुठल्याच झाडाला नसेल.

पुढे वठार गेलं, धनलक्ष्मी कुठं गेली कळलं नाही, खेड्याचं शहर झालं. महानंदा लग्न करून जवळच राहिली, याच शाळेत लागली. पण शाळेनं मागची भिंत घातल्यापासून पलीकडे जायचं तिला काही कारण उरलं नव्हतं. इतकी वर्षं ती त्या उताराकडे पाठ करून मुलांना टाके शिकवत होती.

“मॅम! इकडे या ना,” खालून हाक आली.

हाक मारणारी आर्या. नववीतली, बुटकी, जाड चष्म्याची, मंडळाची खरी पुढारी तीच. तीन वर्षांपूर्वी आई-वडिलांबरोबर पुण्याहून आलेली. महानंदा मराठी बोलते हे तिला शाळेत आल्यावर वर्षभरानं कळलं होतं आणि तेव्हापासून ती तिच्याशी हट्टानं मराठीतच बोले.

“मॅम, हे सगळं काढायचंय,” हात लांब फिरवत आर्या म्हणाली. “ऐंशी टक्के तर हेच आहे. घाणेरी.”

“काय म्हणालीस?”

“घाणेरी. लँटाना. आमच्याकडे पुण्यात घाणेरीच म्हणतात.”

महानंदाला कुणीतरी आपल्या माहेरच्या माणसाला शिवी दिल्यासारखं वाटलं. “आम्ही चदुरंगी म्हणायचो,” ती म्हणाली.

“नाव क्यूट आहे. पण हे बाहेरचं आहे मॅम. इथलं नाहीच. गोऱ्या लोकांनी बागेत लावायला आणलं आणि मग ते सुटलं.”

“किती वर्षं झाली आणून?”

“दोनशे तरी असतील.”

“दोनशे वर्षं राहून अजून बाहेरचंच?”

पोरं हसली. आर्याही हसली, पण तिनं उत्तर द्यायचं सोडलं नाही. “आलं म्हणून नाही हो मॅम. आपणही आलोच की. हे दुसऱ्या कुणाला राहूच देत नाही, म्हणून.”

महानंदानं बोटांत उरलेला पानांचा चुरा झटकला.

काम सुरू झालं. घाणेरी नुसती छाटून भागत नाही, चार दिवसांत दुप्पट जोमानं फुटते. जमीन ओली असताना बुंध्याभोवतीची माती उकरायची, मुळाच्या डोक्याखाली पहार घालायची, आख्खं झुडूप उचकटून मुळं आभाळाकडे करून वाळत टाकायचं. एकेका झुडपाला चार-चार पोरं लागत. पहिल्याच शनिवारी सगळ्यांचे हात रक्ताळले. घाणेरीच्या देठांना बारीक उलटे काटे असतात.

त्यावरचा उपाय मात्र महानंदाच्या हातातला होता. तिनं मुलांना घरातल्या जुन्या जीन्स आणायला सांगितल्या आणि शिवणाच्या तासाला त्यांचे दुहेरी कापडाचे, कोपरापर्यंत येणारे हातमोजे शिवून घेतले. ज्यांनी जन्मात सुई धरली नव्हती ती मुलं ओठ चावत टाके घालू लागली. आपल्याच हाताला काटे लागणार म्हटल्यावर ध्रुव नावाच्या एका आळशी पोराची शिवणही एकदम सरळ झाली. इतक्या वर्षांत हा तास इतका कधी रंगला नव्हता, असं तिनं नवऱ्याला कौतुकानं सांगितलं.

शनिवारमागून शनिवार गेले. भिंतीपासून खाली उतार मोकळा होत चालला. एवढ्या वर्षांत न दिसलेलं तळं शाळेच्या मागच्या दारातून दिसायला लागलं. महानंदाही आता खरंच गुंतली होती. मुलांसाठी ती रव्याच्या वड्या करून आणायची, कुणाच्या पायात काटा मोडला तर सुईनं काढायची. फक्त एका बाजूला कुणी वळलं, की ती पुढे होई.

“तिकडं नको. त्या खडकाखाली साप आहे.”

“कुठला मॅम?”

“मोठा होता. मी पाहिला.”

साप वगैरे काही नव्हतं. तिथं तिचं घर होतं. ते अजून तसंच होतं, हे तिनं दुसऱ्याच शनिवारी बघून ठेवलं होतं. एकदा सगळी मुलं घरी गेल्यावर तिनं आजूबाजूला पाहिलं, साडी गुडघ्यांशी आवळली आणि रांगत आत शिरली. आत शिरताना पाठ दुखली, बांगडी अडकली. आठवणीतली खोली ऐसपैस होती. ही एवढीशी, मान मोडून बसावं लागेल अशी. शिवाय आत दारूची रिकामी पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या. पण ऊन तसंच चाळून येत होतं. महानंदानं पुड्या-पाकिटं पिशवीत भरली, पालापाचोळा हातानं बाजूला सारला आणि बराच वेळ ती नुसती बसून राहिली. मग दर शनिवारी, मुलं गेली की, ती थोडा वेळ तिथं जायला लागली. घरी उशीर का झाला असं नवऱ्यानं विचारलं, तर ती म्हणे, “पोरांचं आवरत नाही लवकर.”

पाऊस सरता सरता मोकळ्या केलेल्या उतारावर घाणेरीची नवी रोपं दिसू लागली. एक-दोन नव्हे, बोटभर उंचीची, जिथं बघावं तिथं. मुलं हिरमुसली. ध्रुवनं दोन शनिवार नुसतं खडकाच्या बाजूला बघत बसून कारण शोधलं.

“मॅम, बुलबुल. तिकडची काळी फळं खातात आणि इकडच्या दगडांवर येऊन बसतात. आणि बसल्यावर...” त्यानं वाक्य पुरं केलं नाही, पण बाकीची पोरं हसून लोळली.

“तो कोपरा काढल्याशिवाय हे थांबणार नाही,” दुसरं कुणीतरी म्हणालं. “साप पकडणाऱ्या माणसाला बोलावू या? माझ्या बाबांच्या ओळखीचा आहे.”

“बघू. पुढच्या आठवड्यात बघू,” ती म्हणाली आणि वड्यांचा डबा उघडला.

त्या दिवशी सगळे गेल्यावर आर्या एकटी मागे रेंगाळली. हातमोजे झटकत, खाली बघत तिनं विचारलं, “मॅम, तिथे साप नाहीये ना?”

खोटं पकडलं गेल्यावर लहान मुलं करतात तसं महानंदानं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग खडकावर बसून तिनं सगळं सांगितलं. वठार, धनलक्ष्मी, दगडांची चूल, फुलांच्या माळा. सांगताना तिला स्वतःचं हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. निसर्ग मंडळाची प्रमुख, आणि घाणेरी राखत बसली आहे.

आर्या हसली नाही. “पुण्यात आमची बिल्डिंग पाडली,” ती म्हणाली. “रिडेव्हलपमेंटला गेली. आजी-आजोबा होते तिकडे, मी इकडे. माझी परीक्षा होती. बाबांनी फोटो पाठवला, त्यात नुसता पत्रा होता, हिरवा. मी जिन्यातल्या भिंतीवर उंची मोजायच्या रेघा मारल्या होत्या.” तिनं हातमोजे घडी घालून पिशवीत टाकले. “आपण तेवढा कोपरा ठेवू या, मॅम. दर वर्षी रोपं उपटत राहू. मी सगळ्यांना सांगते काहीतरी.”

“सापच सांग,” महानंदा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

घर वाचलं. महानंदाला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण पुढच्या शनिवारी मुलांची नजर चुकवून ती आत जाऊन बसली, तेव्हा बाहेर मुलं वाकून-वाकून तिच्या घराची पिल्लं उपटत असल्याचा आवाज तिला येत राहिला आणि ती लवकरच उठून बाहेर आली.

डिसेंबरात तिची थोरली बहीण ठकुबाई एका लग्नासाठी निपाणीहून आली. महानंदाहून दहा वर्षांनी मोठी. महानंदा पोर असतानाच ती लग्न होऊन गेली होती, त्यामुळे दोघींनी मिळून काढलेलं बालपण असं थोडंच. लग्न उरकल्यावर महानंदा तिला हाताला धरून मागच्या दारानं उतारावर घेऊन आली. एवढं एक ठिकाण दाखवावं असं जगात दुसरं माणूसच नव्हतं तिला.

“काय दाखवाय आणलीस गं? गुडघं बोलाय लागल्यात माझं,” अक्का कुरकुरली.

“स्वल्प पुढं. हे बघ. वळखलंस?”

“काय वळखू?”

“आमचं घर, अक्का. मी आणि धनलक्ष्मी आत खेळायचो. तू पण यायचीस. इथं बसून माझी वेणी घालायचीस.”

अक्का खडकाजवळ आली. तिनं झुडपाकडे पाहिलं आणि पदर गोळा करून दोन पावलं मागे सरली.

“वेणी घातली असंल. हितं नव्हं. मी ह्या झाडाच्या सावलीला कधी उभी ऱ्हायले न्हाई.”

“का?”

“गौरी ह्याच्यापायीच गेली की.”

“कोण गौरी?”

“आपली म्हैस.”

आपल्याकडं कधीकाळी म्हैस होती, एवढं महानंदा ऐकून होती. ती विकली, असं घरात म्हणत.

अक्का खडकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली आणि सावकाश बोलायला लागली. “तू अंगावर पीत होतीस तवा ही सगळी उतरंड गवताची होती. पार पाण्यापत्तोर. मधी-मधी तरवड, पिवळा. ह्या खडकाला करवंदीची जाळी. आई रोज सकाळी हितनं भारा न्यायची. गौरी दूध द्यायची, आख्खं वठार आपलं दूध प्यायचं. मग हे चदुरंगीचं भूत रस्त्याकडनं आलं. दर साली गवत मागं, हे पुढं. एका उन्हाळ्यात काय हिरवं म्हणून उरलं न्हाई, निस्तं हेच. गौरीनं खाल्लं. जनावराला काय कळतंय? डोळे हळदीसारखे झाले तिचे. कातडी सोलली उन्हानं. खायाची बंद झाली. आई तिच्या तोंडाजवळ हात धरून बसायची दिवसभर.”

खाली तळ्यावर एक बगळा उडाला. अक्कानं तो जाईतो वाट पाहिली.

“मग आई काजं-बटणं कराय लागली. बाबा म्हणाले, घरात बसून होतंय, कर. तिला शिवण आवडत नव्हतं.”

“आईला? आईच्या हातात तर...”

“हातात होतं, आवडत नव्हतं. तिला जनावरं आवडायची.”

महानंदानं आपल्या बोटांकडे पाहिलं. आपल्याला आईकडून शिवण मिळालं, असं ती वर्षानुवर्षं सगळ्यांना अभिमानानं सांगत आली होती.

“मला कुणी सांगितलं कसं न्हाई, अक्का?”

“कसं सांगायचं? तू ह्याच झाडाच्या फुलांची माळ करून आणायचीस आणि आईच्या गळ्यात घालायचीस. ती मान पुढं करून घालून घ्यायची. तू नाचायचीस. मी एकदा बोलाय गेले, तर आईनं मला डोळं वटारलं.”

दोघी उन्हात बसून राहिल्या आणि मग गुडघ्यांना जपत, एकमेकींना धरून वर आल्या. दुसऱ्या दिवशी अक्का निपाणीला गेली.

पुढच्या शनिवारी मुलं जमली, तेव्हा महानंदा त्यांच्या आधी उतारावर हजर होती. तिनं साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवला होता आणि हातात मोजे होते.

“त्या खडकाखाली साप नाही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “कधीच नव्हता. मी खोटं सांगितलं. आज तो कोपरा काढायचा.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. आर्या तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅम, नक्की? आपलं ठरलं होतं...”

“सरी, खरंय, ठरलं होतं. आता हे ठरलं. पहार दे.”

ते झुडूप सगळ्यात जुनं. त्याचा बुंधा मांडीएवढा आणि मुळं खडकाच्या खाचांत शिरलेली. कमानीच्या फांद्या तोडल्या तसं आत ऊन घुसलं आणि ती खोली, खोली राहिली नाही. उघडी, धुळीची, दोन हात जमीन. महानंदानं तिकडे फार वेळ पाहिलं नाही. तिनं मुलांच्या बरोबरीनं माती उकरली. शेवटच्या मुळाशी दुपारभर झटापट झाली. सहा-सात जण पहारेवर लोंबकळले, तेव्हा कुठं ते कडकन सुटलं आणि सगळे एकमेकांवर पडले. पोरांनी आरोळी ठोकली. महानंदा खाली बसली होती, तिच्या केसांत माती होती. आर्यानं तिला हात देऊन उठवलं आणि हात लगेच सोडला नाही. कुणीतरी विचारलं, “मिस, रडताय?” तेव्हा ती म्हणाली, “हो, रडतेय थोडी. तुम्ही ते उलटं टाका बघू आधी. मुळं वर.”

त्या रात्री तिच्या हातांचा वास साबणानंही गेला नाही. सुरजचा फोन आला, तेव्हा तिनं त्याला गौरीची गोष्ट सांगितली. त्याला आजी आठवत होती ती नुसती फोटोतली. “अम्मा, हे मला माहीतच नव्हतं,” तो म्हणाला. “मलाही नव्हतं,” महानंदा म्हणाली.

पुढचं सगळं झटपट झालं असं नाही. पहिल्या उन्हाळ्यात लावलेली निम्मी रोपं जळाली. तरवडाचं बी उगवेचना, मग ते पॉलिश पेपरवर घासून, रात्रभर भिजवून पेरावं लागतं हे मुलांना कळलं. ते घासायचं काम शिवणाच्या तासाला झालं. करवंदीची रोपं कुणाच्या तरी बकऱ्यांनी खाल्ली, मग उताराला कुंपण घालावं लागलं. मुलांनी दोन वेळा भांडण करून मंडळ सोडलं आणि दोन्ही वेळा परत आली. गवत मात्र कुणी लावलं नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात ते आपलं आपणच आलं. आधी खडकाच्या आसपास, मग खाली पसरत. तळ्याकाठी गाई चारणारा देवाप्पा कुंपणाशी उभा राहून रोज बघायचा आणि कानडीत म्हणायचा, “हे मी लहानपणी पाहिलं होतं. आता परत बघतोय.”

आर्या दहावी होऊन पुण्याला परत गेली. तिच्या वडिलांची बदली झाली. जाताना तिनं उतारावर फोटो काढले नाहीत. नुसती खालपर्यंत चालत गेली आणि परत आली. “मॅम, पाडताना इथे तरी मी होते,” ती म्हणाली. महानंदानं तिला डेनिमच्या मोज्यांची नवी जोडी शिवून दिली. पुण्यात टेकडीवर लागतील म्हणून.

महानंदाही निवृत्त झाली. निरोपाच्या समारंभात तिला शाल मिळाली, भाषणं झाली. पुढच्याच शनिवारी ती नेहमीच्या वेळेला मागच्या दाराशी हजर झाली, तेव्हा नव्या मुलांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

नोव्हेंबरात गवत कमरेला लागायला आलं आणि पिवळं पडायला लागलं. आता कापलं नाही, तर पुढच्या साली दाट येणार नाही, असं मुलांनीच वाचून काढलं. विळे आणले. महानंदानं निपाणीला फोन लावला.

“अक्का, आई भारा कसा बांधायची?”

“गवताचाच वळ करायचा,” अक्का पलीकडून ओरडून सांगू लागली. “मूठभर घे, शेंड्याला शेंडा लाव, पीळ घाल. त्यावर भारा ठेव, गुडघा दे आणि आवळ. अय्यो, तुला काय जमणार! दे, त्या पोरांतल्या कुणाला तरी दे.”

“जमंल,” महानंदा म्हणाली.

पहिला भारा उचलताच सुटला. दुसरा दोन पावलांवर सुटला आणि पोरं हसली, तीही हसली. तिसऱ्याला तिनं पीळ घट्ट दिला, गुडघा रोवला आणि आवळला. फार मोठा नव्हता. एका मुलीनं तो उचलून तिच्या डोक्यावर दिला. गवत मानेला टोचत होतं, कानात शिरत होतं, कुसळं ब्लाउजमध्ये जात होती. त्याला एक कोरडा, गोडसर वास होता. हा वास तिच्या ओळखीचा नव्हता. एका हातानं भारा धरून ती उतार चढू लागली. आईला हे रोज सकाळी आवडायचं, एवढंच तिच्या मनात येत होतं. ती आई कशी दिसत असेल, मान ताठ, समोर बघणारी, हे तिला आज पहिल्यांदा डोळ्यांपुढं आणता येत होतं.

वर कुंपणाच्या फाटकाशी देवाप्पा चाऱ्यासाठी गाई घेऊन थांबला होता. “अम्मा, स्वल्प थांबा, मी घेतो!” तो पुढे धावला. पण त्याच्या आधी त्याची तांबडी गाय पोचली. तिनं मान वर करून महानंदाच्या डोक्यावरच्या भाऱ्यातलं एक तोंडभर गवत सरळ ओढून घेतलं आणि डोळे अर्धवट मिटून चघळायला लागली. महानंदा हसत, भारा सावरत, तिचं खाऊन होईतो तशीच उभी राहिली.